सोपी रानवाट, वेगवेगळ्या वयांची माणसं: बेत आखायला मदत हवी आहे

रानओढ

नमस्कार मंडळी. जवळच्या वनउद्यानात घरच्यांना घेऊन अर्ध्या दिवसाची पायी भटकंती करायचं मनात आहे. घरचे म्हणजे आई (सत्तरीला टेकली आहे, रोज फिरायला जाते पण सपाट रस्त्यावर, उतार आला की गुडघे दुखतात), भाऊ-वहिनी, त्यांची दोन मुलं (वय ९ आणि ६), आणि माझी एक मैत्रीण. मैत्रिणीला चालायची अजिबात सवय नाही, पण यायची मनापासून इच्छा आहे. मी स्वतः नेहमी चालते.

उद्यानाच्या फलकावर एक गोल वाट दाखवली आहे. लांबी ७ किमी, एकूण चढ १८० मीटर, वेळ २ तास, श्रेणी 'सोपी'. आधी ओढ्यापर्यंत अडीच किमी बऱ्यापैकी सपाट, मग एक टेकाड, आणि पलीकडून दाट झाडीतून तीव्र उताराने खाली. ही वाट मी एकटीने केली आहे, फार सुंदर आहे, म्हणून सगळ्यांना तीच दाखवावी असं वाटतंय. दहाला निघायचं, साडेबारापर्यंत परत.

बूट, पाणी, मुलांना रमवणं, किडे, जे सुचेल ते सांगा. मला मुख्य काळजी आईची आहे. तिला त्रास होऊ नये, आणि आपल्यामुळे बाकीचे खोळंबले असंही तिला वाटू नये.

पायपीट

बेत छान आहे. पण त्या '२ तासां'वर विसंबू नका.

चालायच्या वेळेचा एक जुना हिशेब आहे. विल्यम नेस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकाने १८९२ मध्ये तो मांडला. दर ५ किमीला एक तास, आणि वर दर ६०० मीटर चढाला आणखी एक तास, म्हणजे १०० मीटरला १० मिनिटं. तुमच्या वाटेला तो लावा. ७ किमीला ८४ मिनिटं, १८० मीटरला १८ मिनिटं, मिळून पावणेदोन तासांच्या आत. फलकावरचे दोन तास याच जातीचे आहेत. हा हिशेब धडधाकट, सवयीच्या आणि न थांबता चालणाऱ्या माणसाचा आहे. तुमच्या गटात तसं माणूस एकच आहे, तुम्ही.

सहा वर्षांचं मूल आणि सत्तरीची आई असतील तर जंगलातल्या वाटेवर ताशी ३ किमी धरा. ७ किमीला २ तास २० मिनिटं. चढाला दुप्पट वेळ, म्हणजे ३५-४० मिनिटं. झाले तीन तास. त्यात थांबे आलेले नाहीत. खाणं, पाणी, बुटात गेलेला खडा, झाडावरचा सरडा, यांचा किमान एक तास. दहाला निघालात तर दोन वाजतील, आणि तीव्र उतार नेमका दमलेल्या पायांच्या वाट्याला येईल.

सावकाश

पायपीट यांना पूर्ण अनुमोदन. फक्त एक पुढचं सांगते. 'सोपी' ही श्रेणी वाटेची असते, माणसांची नाही. तुमच्या गटात आईला सपाटीवरचे ५ किमी सोपे जातील, पण १०० मीटरचा तीव्र उतार अवघड. सहा वर्षांच्या मुलाचं बरोबर उलट, त्याला दगडांवरून उड्या मारत उतरायला आवडेल आणि सरळ सपाट वाट कंटाळवाणी होईल. मैत्रिणीचं तिसरंच, तिला अंतर जड जाईल. प्रत्येकाचं अवघड वेगळं आहे, ते आधी समोर मांडा आणि मग वाट निवडा. आत्ता तुम्ही आवडती वाट आधी निवडली आहे आणि माणसं तिच्यात बसवताय.

रानओढ

हे वाचून थांबलेच. खरं आहे, मी वाटेपासून सुरुवात केली. मग ती गोल वाट सोडून ओढ्यापर्यंत जाऊन त्याच वाटेने परत यावं का? पण त्याच वाटेने परत म्हणजे मुलं कंटाळतील ना?

पायपीट

नवख्या गटासाठी जा-ये वाटच बरी, असं माझं ठाम मत. गोल वाटेवर अर्धं अंतर ओलांडलं की मागे फिरणं आणि पुढे जाणं सारखंच लांब पडतं. कुणाचा पाय मुरगळला, पाऊस आला, मूल रडायला लागलं, तरी सुटका नाही. जा-ये वाटेवर कुठल्याही क्षणी वळता येतं, आणि परतीची वाट पाहिलेली असल्याने चुकण्याचा प्रश्न जवळजवळ मिटतो.

कवडसा

मी थोडा असहमत. मुलांना गोल वाटेचं आकर्षण असतं, 'पुढे काय' हे टिकून राहतं. मधे तोडणारी आडवी वाट असलेली गोल वाट मिळाली तर दोन्ही साधतं. नकाशात बघा, अशा जोडवाटा बऱ्याच उद्यानांत असतात, फलकावर ठळक नसतात एवढंच.

आणि कधी ना कधी ती गोल वाट करणारच असाल, तर दिशा विचारपूर्वक ठरवा. ज्यांचे गुडघे दुखतात त्यांनी तीव्र बाजूने चढावं आणि सौम्य बाजूने उतरावं. लोक उलट करतात, कारण सुरुवात सोपी हवी असते. चढताना दम लागतो, तो थांबलं की जातो. गुडघ्यांना त्रास होतो तो उतारावर. तिथे मांडीचा पुढचा स्नायू ताणला जात असतानाच शरीराचं वजन पेलत असतो, म्हणून दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी मांड्या भरून येतात त्याही उतरल्यामुळे. तुमच्या वर्णनात ओढ्याकडून चढ सौम्य आणि पलीकडचा उतार तीव्र आहे. आईसाठी ही दिशा उलटी आहे.

सावकाश

दिशेचा मुद्दा फार मोलाचा.

जा-ये वाटेचा कंटाळा येतो असं मात्र मला वाटत नाही. परतताना उजेड दुसऱ्या बाजूने येतो, झाडांची मागची बाजू दिसते, सकाळी मिटलेलं फूल उमललेलं असतं. मुलांना जाताना चार खुणा ठरवायला सांगा, वाकडं झाड, फुटका दगड, लाकडी पूल, आणि परतताना त्या उलट्या क्रमाने शोधायला लावा. याचा खेळही होतो आणि वाट लक्षात ठेवण्याचं पहिलं शिक्षणही. मोठी माणसं चुकतात ती बहुधा याचमुळे, की जाताना एकदाही मागे वळून बघितलेलं नसतं. उलट दिशेने तीच वाट निराळी दिसते. प्रत्येक फाट्यावर थांबून मागे बघायची सवय सगळ्यांनाच लावा.

चकवा

फाट्यांवरून आठवलं, नकाशाचं काय केलंत? फलकाचा फोटो काढून ठेवा, ही पहिली गोष्ट. दुसरी, उद्यानाचा नकाशा फोनमध्ये आधीच उतरवून घ्या. फोनला उपग्रहांकडून जागा कळायला नेटवर्क लागत नाही, तो फक्त संकेत ऐकतो. पण नकाशाचं चित्र आधी उतरवलेलं नसेल तर कोऱ्या पडद्यावर निळा ठिपका दिसेल आणि उपयोग शून्य. दाट झाडीत संकेत अडतात, खोडांवरून-दगडांवरून परावर्तित होतात, त्यामुळे ठिपका काही मीटर इकडेतिकडे सरकतो. दोन वाटा जवळजवळ असतील तर ठिपक्याआधी जमिनीवरच्या खुणेवर भरवसा ठेवा.

फोन एअरप्लेन मोडवर ठेवा. रेंज कमी असते तिथे फोन सतत टॉवर शोधत राहतो आणि त्यातच बॅटरी संपते. फोटो, नकाशा, जागा, हे सगळं त्या मोडमध्येही चालतं.

कागदी नकाशा मिळाला तर आणखी चांगलं. १:२५,००० प्रमाणात ४ सेंमी म्हणजे १ किमी. समोच्च रेषा (सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या) जिथे दाटीने येतात तिथे चढ-उतार तीव्र. नऊ वर्षांच्या मुलाला हे पाच मिनिटांत कळतं. त्याच्या हातात नकाशा द्या आणि पुढचा फाटा कधी येईल ते त्याला सांगू द्या. मुलगा की मुलगी, माहीत नाही, पण जे कुणी असेल ते दिवसभर कुरकुरणार नाही.

रानओढ

मोठी भाची आहे, धाकटा भाचा. नकाशाची कल्पना तिला फार आवडेल!

आता बूट. आईकडे रोजचे फिरायचे बूट आहेत, मैत्रीण नवीन ट्रेकिंगचे घ्यायचं म्हणतेय. घेऊ द्यावेत का?

पायपीट

नवे बूट घेऊन थेट वाटेवर नको. फोड येतो तो घर्षण, घाम आणि उष्णता एकत्र आल्याने, आणि पायाला न सरावलेला बूट हे तिन्ही देतो. रोजच्या बुटांचे तळवे झिजलेले नसतील आणि टाच हलत नसेल तर अशा वाटेला ते पुरतात. घ्यायचेच असतील तर संध्याकाळी घ्यावेत, दिवसभरात पाय थोडे सुजतात. जे मोजे घालणार तेच घालून बघावेत, आणि उतारावर बोटं पुढे आदळणार नाहीत एवढी जागा ठेवावी. मग घरात, जिन्यावर, रोजच्या फेरीला वापरून सैल करावेत. पायाची नखं आदल्या दिवशी कापायला सांगा सगळ्यांना.

वाटेवर टाच किंवा अंगठा गरम लागायला लागला की लगेच थांबून चिकटपट्टी लावायची. 'पोचल्यावर बघू' म्हटलं की फोड आलाच. नवखी माणसं संकोचाने बोलत नाहीत. म्हणून निघाल्यावर साधारण वीस मिनिटांनी एक थांबा तुम्हीच जाहीर करा: बूट, नाड्या, मोजे नीट करा, अंगावरचा एक थर उतरवा. सगळेच करतात म्हटल्यावर कुणाला अवघडल्यासारखं होत नाही.

साळुंकी

मोजे आणि अंगालगतचा कपडा सुती नको, हे जोडते. सुती कापड घाम धरून ठेवतं, वाळत नाही, आणि थांबलात की गारठा लागतो. झाडांच्या सावलीत तर जास्तच. उन्हातून आल्यावर रानातला गारवा सुखाचा वाटतो, पण ओल्या पाठीने अर्धा तास बसलं की तोच बाधतो. धाकट्यासाठी मोज्यांचा एक जास्तीचा जोड न्याच, ओढा आहे म्हणजे तो पाण्यात जाणार.

माळढोक

पाणी: मध्यम हवेत माणशी ताशी अर्धा लिटर धरा, उष्ण-दमट असेल तर जास्त. तीन-चार तासांना मोठ्यांना दोन दोन लिटर. एक लिटर म्हणजे एक किलो, तेव्हा सगळं ओझं एकाच्या पाठीवर नको, पण आईच्या पाठीवर थोडंच द्या. ओढ्याचं पाणी कितीही स्वच्छ दिसलं तरी थेट पिऊ नये. वरच्या अंगाला काय आहे ते आपल्याला दिसत नसतं.

आईंची रोजची औषधं असतील तर ती पिशवीत हवीतच, आणि ती कुठल्या कप्प्यात आहेत हे आणखी एकाला माहीत हवं.

सावकाश

वेगाबद्दल कुणी बोललं नाही अजून, आणि मला तोच गाभा वाटतो.

पूर्ण वाक्य न धापता बोलता येईल तो वेग बरोबर. बोलताना शब्द तुटायला लागले की वेग जास्त आहे. आणि आईला पुढे ठेवा. सगळ्यात हळू चालणारं माणूस मागे राहिलं की काय होतं बघा. बाकीचे पुढे जाऊन थांबतात, विसावतात, आणि आई पोचते त्या क्षणी उठून चालायला लागतात. ज्याला विश्रांतीची सर्वांत जास्त गरज त्यालाच ती मिळत नाही. वर 'माझ्यासाठी थांबलेत' हे ओझं. तुम्ही पहिल्या पोस्टमध्ये लिहिलेली काळजी इथेच जन्मते. आई पुढे असेल तर तिचा वेग तोच गटाचा वेग, कुणाला कुणासाठी थांबावं लागत नाही. शेवटी भाऊ किंवा तुम्ही, म्हणजे मागे कुणी सुटणार नाही.

मुलं पुढे धावणार. त्यांना एकच नियम: पुढचा फाटा किंवा वळण आलं की थांबायचं, मोठं माणूस दिसेपर्यंत पुढे जायचं नाही.

रानओढ

सावकाश, तुमचं हे वाचून डोळ्यांत पाणी आलं खरंच. आई सगळीकडे मागेच असते, आणि दर वेळी 'तुम्ही व्हा पुढे' म्हणते.

पानगळ

वाचतेय. माझाही एक प्रश्न जोडू का? माझ्या बाबांना चाकाची खुर्ची लागते. अशा वनउद्यानात त्यांना कितपत नेता येईल?

कवडसा

नक्की नेता येईल, पण श्रेणी बघून नका ठरवू. तीन गोष्टी उद्यानाच्या कार्यालयात विचारा: पृष्ठभाग काय आहे (घट्ट दाबलेली बारीक खडी किंवा फळ्या चालतात, सैल वाळू आणि मुळं नाही), सर्वांत अरुंद जागा किती रुंद आहे, आणि सर्वांत तीव्र उतार किती. सरासरी उतार उपयोगाचा नसतो. लांब पल्ल्याला १:२०, म्हणजे २० मीटरला १ मीटर, इथवर खुर्ची आरामात ढकलता येते. १:१२ हा इमारतींच्या रॅम्पचा उतार, तो थोड्या अंतरालाच जमतो. फाटकाशी गाड्या अडवायला लावलेले खांब किंवा फिरतं फाटक आहे का हेही विचारा. आत उत्तम वाट असते आणि खुर्ची दारातच अडते. आधी कुणीतरी एकट्याने चालून बघितलं तर सर्वांत उत्तम.

पानगळ

मनापासून आभार. फाटकाचं कधीच लक्षात आलं नसतं.

चकवा

किडे आणि गोचिडी. गोचीड उडी मारत नाही, झाडावरूनही सहसा टपकत नाही. गवताच्या, झुडपाच्या टोकाशी पाय पसरून बसते आणि आपण घासून गेलो की चिकटते. म्हणून वाटेच्या मधून चाला, पँट मोज्यांत खोचा, फिक्या रंगाचे कपडे घाला म्हणजे ती दिसते. घरी आल्यावर गुडघ्यामागे, काखेत, कमरेला, कानामागे, केसांत बघा, मुलांचं तर नक्कीच. चिकटलेली सापडली तर बारीक टोकाच्या चिमट्याने त्वचेला अगदी लागून धरा आणि सरळ, सावकाश, न पिरगाळता ओढा. तेल, काडी, स्पिरिट यातलं काही लावत बसायचं नाही. त्यात वेळ जातो आणि ती जितका वेळ चिकटून राहील तितका संसर्गाचा धोका वाढतो. पुढच्या काही आठवड्यांत ताप किंवा पसरत जाणारा लाल चट्टा दिसला तर डॉक्टरांना गोचिडीचं आवर्जून सांगा.

सापांची अवाजवी भीती नको, पण पडलेलं लाकूड ओलांडताना पलीकडे बघून पाय टाकायचा, आणि ढोलीत, दगडांच्या कपारीत हात घालायचा नाही. मुलांना हे निघायच्या आधी सांगा, तिथे गेल्यावर ती ऐकत नाहीत. दंश झालाच तर तो अवयव स्थिर ठेवून थेट रुग्णालय. कापणं, चोखणं, करकचून बांधणं, यातलं काहीही नाही.

माळढोक

मधमाश्यांच्या पोळ्यांचंही सांगून ठेवा. तीव्र सुगंध अंगावर नको, दगड मारणं नाही, खाली धूर नाही.

झुळूक

इतकी भीतीची यादी वाचून मैत्रीण यायची थांबेल. :) जरा दुसरी बाजू सांगते, कारण माझ्या मते अशा सहलीत आनंदाचं नियोजन सुरक्षिततेइतकंच नीट करावं लागतं आणि ते कुणी करत नाही.

जपानच्या वन विभागाने १९८२ मध्ये 'शिनरिन-योकू', म्हणजे वनस्नान, ही कल्पना लोकांपुढे मांडली. तिच्यात कुठे पोचायचं नसतं. झाडीत सावकाश वावरायचं, वास घ्यायचा, ऐकायचं. तुमच्या ओढ्यापर्यंतच्या वाटेवर एक जागा अशी ठरवा जिथे सगळे दहा मिनिटं गप्प बसतील. आपण आलो की पाखरं गप्प होतात, आपण गप्प झालो की थोड्या वेळाने ती परत बोलू लागतात. ते परत बोलू लागणं मुलांना एकदा ऐकवाच. सहा वर्षांच्या मुलाला दहा मिनिटं जड जातील, त्याला काम द्या: वेगळा आवाज आला की एक बोट मिटायचं.

आणि दहा वाजता निघू नका हो! पक्ष्यांची खरी गजबज उजाडल्यापासून पहिले दोन-तीन तास. दहापर्यंत ती ओसरते, ऊन चढतं. फाटक उघडतं त्या वेळेला आत शिरा. दुर्बीण असेल तर ८x४२ सारखी, म्हणजे ८ पट मोठं दाखवणारी, न्या. १० पटीची हातात थरथरते, नवख्याला पक्षी सापडत नाही.

दगडफूल

झुळूक यांच्याशी सहमत. मुलांसाठी माझ्याकडचे दोन उद्योग.

एक, झाडाची उंची. खांद्यापासून नाही, डोळ्यापासून मुठीपर्यंतच्या अंतराहून थोडी लांब काठी घ्यायची. हात समोर ताणून काठी उभी धरायची, अशी की मुठीच्या वर त्या अंतराएवढीच लांबी राहील. मग मागे मागे सरकायचं, मुठीची वरची कड बुंध्याच्या तळाशी आणि काठीचं वरचं टोक शेंड्याशी जुळेपर्यंत. जुळलं की तुमच्यापासून झाडापर्यंतचं अंतर म्हणजेच झाडाची उंची, पावलांनी मोजा. नऊ वर्षांची भाची याचं कारण विचारेल, तेव्हा जमिनीवर काटकीने दोन त्रिकोण काढून दाखवा. मात्र मागे सरकताना पाठीमागे मोठं माणूस उभं हवं.

दोन, भिंग. एक साधं भिंग आणि एक खोड. सालीवरचं ते करडं-हिरवट दगडफूल म्हणजे एकटी वनस्पती नाही, बुरशी आणि शैवाल यांचं एकत्र घर आहे. शैवाल उजेडावर अन्न तयार करतं, बुरशी त्याला आसरा आणि ओल देते. खोडावर चिकटून वाढणाऱ्या बऱ्याच जाती वर्षाला काही मिलिमीटरच पसरतात. तळहाताएवढा ठिपका दिसला तर तो किती जुना असेल याचा अंदाज मुलांना करू द्या. नखाने खरवडू देऊ नका एवढंच.

मला स्वतःला वाटतं, एका खोडापाशी अर्धा तास रमलेली मुलं टेकाड पाहिलेल्या मुलांपेक्षा जास्त घेऊन येतात.

रानओढ

हे काठीचं मी आजच अंगणात करून बघणार!

एक नाजूक प्रश्न. आईला आणि मुलांना मधे स्वच्छतागृह लागणार. फाटकापाशी आहे, पुढे नाही.

साळुंकी

नाजूक कसला, अगदी गरजेचा. आई-मावश्यांच्या पिढीतल्या बायका याच भीतीने पाणी कमी पितात आणि मग चक्कर येते. त्यांना आधीच मोकळेपणाने सांगा की सोय करू.

फाटकावरच्या स्वच्छतागृहात सगळ्यांनी आधी जाऊन यायचं. ओढ्यापर्यंतची जा-ये केलीत तर परतीला तेच आहे, हाही त्या वाटेचा फायदा. उद्यानाचे नियम परवानगी देत असतील आणि वेळ आलीच, तर पाण्यापासून आणि वाटेपासून साठ-सत्तर मीटर दूर. जड कामासाठी १५ ते २० सेंमी खोल खड्डा आणि वर माती. कागद पिशवीत घालून परत. ओले पुसणे (वेट वाइप्स) तर अजिबात टाकायचे नाहीत, त्यांत बहुतेक वेळा प्लास्टिकचे धागे असतात. वहिनी किंवा तुम्ही पाठ करून जवळ उभ्या राहा, आईंना धीर येतो.

दगडफूल

कचऱ्यावरून एक. फळांच्या साली 'कुजतातच की' म्हणून फेकल्या जातात. कुजतात, पण महिनोन् महिने घेतात, आणि तोवर प्राण्यांना वाटेच्या कडेला खाणं शोधायची सवय लागते.

आणि चिखल आला तर बगल देऊ नका, मधूनच जा. प्रत्येक जण कडेने गेला की वाट दर हंगामात रुंदावत जाते. तुडवलेल्या मातीतली हवेची पोकळी दबते, पाणी मुरत नाही, आणि झाडांची पाणी शोषणारी बारीक मुळं तर वरच्या थोड्याशाच थरात असतात. जुन्या झाडांच्या बुंध्याशी सगळ्या गटाने बसून फोटो काढण्याआधी याचा विचार व्हावा असं मला फार वाटतं.

पायपीट

हवामान. आदल्या रात्री आणि सकाळी अंदाज बघा. वीज चमकल्यापासून गडगडाटापर्यंतचे सेकंद मोजा, दर ३ सेकंदांना साधारण १ किमी. ३० सेकंदांच्या आत ऐकू आलं तर वीज दहा किमीच्या आत आहे, परत फिरा आणि इमारतीत किंवा बंद गाडीत जा. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर नको. वाटेत अडकलात तर एकट्या किंवा सर्वांत उंच झाडाखाली थांबू नका, टेकाडावरून खाली या, सखल भागात सारख्या उंचीच्या ठेंगण्या झाडीत एकमेकांपासून अंतर ठेवून राहा.

वादळी वाऱ्यानंतर दोन-तीन दिवस जंगलातली सहल पुढे ढकलणं बरं. अर्धवट मोडलेल्या फांद्या वर अडकलेल्या असतात आणि वारा नसतानाही पडतात. जेवायला बसायच्या जागी आधी वर बघायची सवय ठेवा.

रानओढ

सगळ्यांचं वाचून नवा बेत लिहितेय, चुका काढा.

फाटक उघडताच आत. ओढ्यापर्यंत आणि परत, एकूण ५ किमी, चढ साधारण ६० मीटर. ताशी ३ किमीने १०० मिनिटं, चढाची १२, थांबे सव्वा तास. म्हणजे तीन तासांच्या थोडं वर, ऊन तापायच्या आत परत. आई पुढे, भाऊ मागे, भाचीच्या हातात नकाशा. ओढ्याच्या अलीकडे दहा मिनिटं शांतता. ओढ्यापाशी मोठा थांबा, भिंग, काठी, खाणं. आईला, मैत्रिणीला बरं वाटत असेल तर तिथून टेकाडाकडे थोडं वर जाऊन यायचं, नाहीतर नाही. की मी आणि भाऊ दोघंच मुलीला घेऊन टेकाड करून येऊ, बाकीचे ओढ्यापाशी बसतील?

चकवा

गट फोडायचा असेल तर ओढ्यापाशीच फोडा, कारण ती जागा सगळ्यांना माहीत आहे आणि परतीची वाट सपाट आहे. दोन्ही गटांत वाट ओळखणारं, फोन असलेलं मोठं माणूस हवं. म्हणजे तुम्ही आणि भाऊ दोघंही वर जाऊ नका, एकाने आईंबरोबर राहा. परत भेटायची वेळ ठरवा, आणि ती टळली तर खालचा गट काय करणार हेही आधीच ठरवा. 'शोधायला वर जातो' हे उत्तर नसावं. खालचा गट जागेवर थांबेल आणि फोन करेल.

आणि वळायची वेळ घड्याळावर ठरवा. निघाल्यापासून दीड तास झाला की जिथे असाल तिथून परत. ओढा पन्नास पावलांवर असला तर अर्थात जा, पण अर्धा किमी असेल तर नको. हे घरीच सगळ्यांना सांगा, म्हणजे वाटेत वाद होत नाहीत आणि आईंमुळे फिरलो असंही कुणाला वाटत नाही. फिरलो ते घड्याळामुळे.

मुलांच्या गळ्यात शिट्टी. चुकलं तर जागचं हलायचं नाही, झाडाला धरून उभं राहायचं आणि शिट्टी वाजवत राहायचं. मोठ्यांसाठी: आल्प्सच्या पद्धतीत मिनिटाला सहा वेळा संकेत, मग एक मिनिट थांबून पुन्हा, आणि उत्तर मिनिटाला तीनदा. काही देशांत तीन शिट्ट्या म्हणजेच मदतीची हाक. आकड्यापेक्षा ठरावीक अंतराने पुन्हा पुन्हा वाजणं महत्त्वाचं, त्यानेच ऐकणाऱ्याला कळतं की हे खेळणं नाही. जो घरी राहणार आहे त्याला वाट, परतायची वेळ आणि किती वाजेपर्यंत फोन आला नाही तर उद्यानाला कळवायचं, हे लिहून द्या.

पायपीट

बेत आता उत्तम झालाय. दिवसा जाणार असलात तरी एक छोटी विजेरी ठेवा.

रानओढ

ठरलं तर. टेकाड पुढच्या खेपेला, कवडसा यांनी सांगितलेल्या दिशेने. ओढ्यापाशी भाऊ आईबरोबर बसेल म्हणाला, मग मीही वर जाणार नाही. खोडापाशी बसायचं ठरवलंय.

शेवटची शंका. आईला काठी घ्यावी का? ती म्हणते, 'काठी घेतली की म्हातारी झाल्यासारखं वाटतं.'

साळुंकी

घ्याच, आणि एक नाही, दोन घ्या. दोन काठ्या घेऊन चालणारे सगळ्या वयांचे असतात, एक घेतली की आधाराची वाटते. उतारावर गुडघ्यांवरचा भार काही प्रमाणात हातांवर येतो आणि ओल्या दगडावर तोल सावरतो. उंची अशी ठेवा की टोक जमिनीवर असताना कोपर काटकोनात येईल. उतरताना पाच-दहा सेंमी वाढवा, चढताना तेवढीच कमी करा. पट्ट्यात हात खालून वर घालायचा आणि मग मूठ धरायची, म्हणजे मनगटावर भार येतो आणि बोटं आवळावी लागत नाहीत. मात्र दगडाळ उतारावर पडायची भीती असेल तिथे पट्ट्यातून हात काढून घ्यायचा. जाण्याआधी दोन-तीन दिवस रोजच्या फेरीला आईंना काठ्या घेऊन चालू द्या, उजवा पाय-डावी काठी हा मेळ सपाटीवरच बसतो. आणि दुसरा जोड मैत्रिणीला द्या.